दिवसा तारे दाखवणारे सर

आमच्या वेधशाळेत ओला टॉवेल वाळत घालणं हा गुन्हा होता. एकवेळ चोरी खपली असती. घुमटापासून लांब, जेवणघराच्या मागे बाभळीला दोरी बांधलेली होती. काय वाळवायचं ते तिथे जाऊन वाळवा, असा सरांचा हुकूम होता. मी रुजू झालो त्याच सकाळी, कठड्यावर टाकलेला माझा टॉवेल मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून सर माझ्या खोलीत आले.

"कुठला बे तू?"

"चिपळूणचा."

"वाटलंच. संगं ओल घेऊन आलास."

तेव्हापासून ते मला 'दमट' म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण पगाराच्या कागदावर सही करताना सोडलं तर त्यांनी ते कधी वापरलं नाही. पाहुण्यांशी ओळख करून देतानासुद्धा म्हणायचे, "हा आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. दमट हाय, पण कामाचा हाय."

पाण्याशी सरांचं वैर होतं, आणि ते धंद्यातलं वैर होतं. ताऱ्याकडून येणाऱ्या प्रकाशातला एक भाग आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त म्हणतात. त्याच्या वेगवेगळ्या लहरी सुट्या करून मोजणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ, सरांनी जवळजवळ सगळी नोकरी खर्ची घालून बनवलं होतं. पण हवेतली वाफ हा प्रकाश वाटेतच पिऊन टाकते. म्हणून मोठी दुर्बीण बालाघाटच्या माथ्यावर, पाटोद्याच्या अलीकडे उभी राहिली. या भागात वर्षातले कितीतरी महिने हवेत ओल नावाला नसते. इथल्या माणसाला जो शाप वाटतो, त्यावर आमचं सगळं शास्त्र उभं होतं. मला याची लाज वाटायची. सरांना वाटत नसे, किंवा वाटली तरी ते दाखवत नसत.

ते स्वतः याच भागातल्या धर्मापुरीचे. परदेशात शिकले, जगभर भाषणं दिली, पण बोली बदलली नाही. कुठल्याही चर्चेत त्यांचं हत्यार एकच होतं, 'कावून?', म्हणजे 'का?'. आकडा चुकला, कावून? पंप बंद पडला, कावून? फ्यूज उडाला म्हणून. फ्यूज कावून उडाला? असं करत करत ते माणसाला थेट त्याच्या आळसापर्यंत नेऊन सोडायचे. हवा किती कोरडी आहे हे सांगणारं महागडं उपकरण भिंतीवर होतं, तरी जेवताना सर ताटातला पापड कानाशी नेऊन मोडायचे. कडकन आवाज आला की चेहरा खुलायचा. पापड वाकला तर त्या दिवशी त्यांच्या वाटेला कोणी जाऊ नये.

आणि त्यांना ढिसाळ वाक्य सहन व्हायचं नाही. 'लई थंड' म्हटलं की 'लई म्हंजे किती?' आलंच. आमच्या आचाऱ्याच्या मुलीच्या लग्नात कोणी हौशी पुढारी माइकवरून म्हणाला, "हे दोघं आयुष्यभर सुखात राहतील." सर पहिल्या रांगेतून मोठ्याने बोलले, "राहोत म्हना. राहतील हे तुमाला कसं ठावं?" नवरीकडची माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. आचारी पुढे महिनाभर त्यांना करपलेली भाकरी वाढत होता आणि सर ती मुकाट खात होते. आपलं चुकलं, हे मात्र त्यांनी अखेरपर्यंत कबूल केलं नाही.

यंत्राला ते 'जावई' म्हणायचे. जावयासारखंच त्याचं सगळं सोवळं. त्याच्या पोटातला डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, भयानक थंडीतच काम करते. त्यासाठी त्याच्या टाकीत सतत द्रव नायट्रोजन ओतावा लागे. "जावई रुसला तर मनवता येतो, तापला की संपलं," असं सर म्हणायचे. तसं अगदी संपत नसे. टप्प्याटप्प्याने तापवला तर डिटेक्टरला काही होत नाही, पण पुन्हा थंड करून कामाला लावायला आठवडा जातो. त्या उन्हाळ्यात आमच्या हातात तेवढा आठवडाच नव्हता.

सर निवृत्तीला आले होते. यंत्र दुर्बिणीला जोडून झालं होतं आणि ते तपासून स्वीकारायचं की नाही हे ठरवायला संस्थेची समिती येणार होती. त्यानंतर दुर्बिणीचा वेळ दुसऱ्या लोकांना दिलेला होता. समितीने मान डोलावली तर यंत्र दुर्बिणीवर राहणार. नाही तर ते लाकडी खोक्यांत भरून गोदामात जाणार आणि सर त्यांच्या गावी. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे त्या दिवसांत कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

नायट्रोजन आणणारी गाडी शहरातून यायची. मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला थांबायचा आणि तिथून फोन करायचा. ही गाडी आमच्या एकट्याची नव्हती. खालच्या गावात सहकारी दूध संघ होता. गाई-म्हशी गाभण राहाव्यात म्हणून वळूचं बीज बारीक कांड्यांमध्ये भरून ठेवतात, त्या कांड्याही द्रव नायट्रोजनमध्येच बुडवून ठेवाव्या लागतात. म्हणजे तारे बघणारे आम्ही आणि गाई भरवणारा संघ, दोघांची थंडी एकाच टाकीतली. संघाचं हे काम मुसाभाई करायचे. मोटारसायकलच्या मागे टाकी बांधून गावोगाव फिरणारा, पन्नाशीचा, बोलका माणूस. सरांशी त्यांचं चांगलं जमायचं, कारण थंडी उडून जाण्याची धास्ती काय असते हे दोघांनाच कळत होतं.

त्या वर्षी दुष्काळ मोठा होता. संघाने चारा छावणी उघडली होती आणि जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहत होती. संघाचा देवणी जातीचा नावाजलेला वळू आधीच्याच साली मेला होता. त्याच्या उरलेल्या कांड्या संघातल्या टाकीत, मुसाभाईंच्या ताब्यात होत्या. छावणीतून कोणीतरी आवई उठवली की डोंगरावरच्या लोकांनी नवी मशीन बसवली आहे आणि ती ढग पळवते. दिवसभर आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला असं काहीही पटतं. मी त्या लोकांना हसू शकलो नाही. मलाही रात्री कोरडं आभाळ बघून आनंद व्हायचा आणि सकाळी टँकरपाशी उभ्या बायका दिसल्या की मी मान खाली घालून पुढे जायचो.

संघाचे अध्यक्ष आप्पा. त्यांनी सरांना छावणीत बोलावलं, म्हणाले, लोकांना समजावून सांगा. मी वाटेत सरांना विनवलं, "सर, गोड बोला. चार शब्द कमी बोला." ते म्हणाले, "कमीच बोलतो मी." ते खरंच होतं, आणि भीती त्याचीच होती.

लिंबाखाली शे-दोनशे माणसं बसली होती. सरांनी मशीन काय करते ते सांगितलं. ती फक्त बघते, ढगाला हात लावत नाही, वगैरे. लोक ऐकत होते. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला.

"सायेब, ते समदं जाऊ द्या. तुमाला पाऊस पाहिजे का न्हाई, तेवढं सांगा."

कोणीही शहाणा माणूस 'पाहिजे की' म्हणून मोकळा झाला असता. मी त्यांच्या पाठीला हात लावला. उपयोग झाला नाही.

"माझं काम होईस्तोवर नको," सर म्हणाले. "पन माझ्या नको म्हनन्यानं तो थांबत न्हाई. आन् तुमच्या पाहिजे म्हनन्यानं येत न्हाई."

मग पुढची माणसं उठली, मागची ओरडायला लागली. "ऐकलं का? नको म्हन्तोय!" कोणीतरी सरांचा सदरा धरला. आप्पा मध्ये पडले आणि मुसाभाईंनी आम्हा दोघांना मोटारसायकलवर कोंबून अक्षरशः पळवलं. माझी पाचावर धारण बसली होती. डोंगर चढताना सर मुसाभाईंच्या कानाशी ओरडले, "मी काय खोटं बोललो का बे?"

"खोटं न्हाई, सायेब," मुसाभाई म्हणाले. "पन असलं खरं, समोरच्याचं पोट भरलं असंल तवा बोलायचं."

त्यानंतर दोन दिवस सरांनी पापडही मोडला नाही.

समिती यायच्या आदल्या दिवशी गाडीच आली नाही. नायट्रोजनच्या कारखान्याला थंड करायला पाणी लागतं, आणि शहराचं पाणी तोडलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. समिती मुक्कामाला आली, दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरचा मांजरसुंब्याहून फोन आला की गाडी निघाली आहे, पण माल थोडाच आहे. गाडी आधी आमच्याकडे यायची आणि मग खाली संघाकडे. यात कोणाचा कट नव्हता, रस्ताच तसा होता.

गाडी फाटकातून आत आली आणि तिच्या मागोमाग मुसाभाईंची मोटारसायकल. माल थोडा असल्याचं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. नायट्रोजन न्यायला एक रिकामी टाकी मागे बांधलेली. ते खाली उतरले आणि नेहमीसारखे हसले नाहीत.

"कावून आलास?" सरांनी विचारलं.

"सायेब, संघातल्या कांड्यांच्या टाकीत बोटभर राह्यलंय. आज भरली न्हाई तर उद्या काय न्हाई."

मी ड्रायव्हरच्या टाकीत दांडी बुडवून माप घेतलं. दोघांना पुरेल एवढं नव्हतं. आमच्या जावयाला आजची रात्र काढायची असेल तर सगळं लागणार होतं. मी सरांना तसं सांगितलं. नंतर, मुसाभाई ऐकत आहेत याची पर्वा न करता, हेही सांगितलं की गाडी आधी आपल्या दारात आली आहे. मला तेव्हा सरांचं यंत्र वाचवायचं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. मुसाभाई माझ्याकडे न बघता टाकीचा दोर सोडत होते.

सर गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"कांडी तापली तर पुन्हा थंड करून चालती का?" त्यांनी मुसाभाईंना विचारलं.

"न्हाई. मेली म्हंजे मेली."

"आन् तो वळू?"

"तो तर गेलाच की, सायेब."

"मग इचारायचं काय त्यात," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "जावई तापला तर पुन्हा थंड व्हतो. पुन्हा थंड करू देतील का न्हाई, ते समिती बघंल. आधी मुसाभाईची टाकी भर. पूर्न भर."

मला वाटतं, आयुष्यात मी कोणाचाही एवढा राग राग केला नाही. इतक्या वर्षांची मेहनत आणि हा माणूस गणित सोडवल्यासारखा बोलतो! मी टाकी भरली. वाफेचे लोट जमिनीवरून सरकत गेले. मुसाभाई टाकी घेऊन निघताना काहीतरी बोलणार होते, पण सर तेव्हा पाठ करून यंत्राकडे चालूही लागले होते.

उरलेला नायट्रोजन ओतल्यावर हिशेब साफ होता. अंधार पडेपर्यंत थंडी टिकणार नव्हती.

"मग आता काय?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मग दिवसा बघू."

मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. पण ते बरोबर होते. अवरक्त प्रकाशात आभाळ डोळ्याला दिसतं तेवढं उजळ नसतं. एखादा जबरदस्त तारा सूर्य असतानाही पकडता येतो. त्या दिवसांत स्वातीचा तारा दुपारनंतर पूर्वेला उगवायचा आणि सूर्य पश्चिमेला असायचा. समितीच्या प्रमुख बाई दिल्लीच्या संस्थेतल्या, पण मूळच्या नागपूरच्या. नावाजलेल्या शास्त्रज्ञ, स्वभावाने करड्या. त्या म्हणाल्या, "भर उन्हात घुमट उघडणार? आम्हाला दिवसा तारे दाखवताय का?"

"व्हय," सर म्हणाले. "तेच."

ऊन कलल्यावर घुमट उघडला. आतली गरम हवा अंगावर आली. दुर्बीण पूर्वेला क्षितिजाच्या थोडी वर वळली आणि मी पडद्यावर नजर लावून बसलो. बराच वेळ काही नाही. मग एक फिकट ठिपका आला, सरकला, स्थिर झाला. स्वाती! प्रकाश यंत्रात सोडला आणि पडद्यावर हळूहळू, कुठल्या लहरीचा प्रकाश किती आला ते सांगणारी वक्ररेषा उमटली.

रेषा दोन्ही टोकांना सुरेख होती आणि मधे दोन ठिकाणी खोल खड्ड्यांत पडलेली होती, अगदी तळापर्यंत. तिथे यंत्राला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला. "पाण्याची वाफ प्रकाश खाते ती हीच जागा," त्या म्हणाल्या. "पण एवढी वाफ आणायची कुठून? बाहेर फुफाटा आहे. गेल्या महिन्यातल्या तुमच्याच नोंदींत हे खड्डे याच्या निम्मेसुद्धा नाहीत. पाणी वर नाही, तुमच्या यंत्रात आहे. कुठेतरी फट आहे, हवा आत जाते आणि आत बर्फ धरतोय. असं यंत्र मी स्वीकारू शकत नाही."

भिंतीवरचं उपकरण हवा ठणठणीत कोरडी दाखवत होतं. बाईंच्या तर्कात खोट काढता येत नव्हती, हे सगळ्यांत वाईट होतं. मी सरांकडे बघितलं. ते पुटपुटत होते, "कावून? कावून?" या वेळी विचारायला समोर कोणी नव्हतं. ते स्वतःलाच विचारत होते.

मग ते म्हणाले, "बाई, तारा चढतोय. खाली असताना त्याचा उजेड जास्त हवेतनं येतो, वर गेल्यावर कमी हवेतनं. पानी आभाळात असंल तर तारा वर गेल्यावर खड्डे भरतील. बर्फ यंत्रात असंल तर न्हाई भरनार, वाढतील उलट. सूर्य बुडायच्या येळंला पुन्हा बघू."

"तोवर तुमची थंडी टिकेल?"

"ठाऊक न्हाई," सर म्हणाले.

तो वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. तापमानाचा काटा आधी जागचा हलेना आणि मग हलायला लागला तेव्हा वाटलं, नुसता बघतोय म्हणून हलतोय. सर यंत्राच्या टाकीवर तळहात ठेवून उभे होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. कोणी खोकलं तरी मला चीड येत होती. बाई खुर्चीत ताठ बसून होत्या, पण त्यांची बोटं सारखी पेनाचं टोपण काढत-घालत होती. टाकी रिकामी झाली. डिटेक्टर तापायला लागला, पडद्यावर खसखस पेरल्यासारखे ठिपके दिसू लागले.

"सर, आता," मी म्हणालो. "याच्यापुढे काही हाती लागणार नाही."

"घे."

दुसरी रेषा उमटली. खरखरीत, थरथरलेली, पण खड्डे भरले होते. पूर्ण नाही, पण पहिल्या रेषेवर ठेवल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं. बाई उठून पडद्यापाशी आल्या, खूप वेळ बघत राहिल्या.

"पाणी वरचंच आहे," त्या म्हणाल्या. "यंत्र ठीक आहे. यंत्र उत्तम आहे, सर. मी लिहून देते."

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, मी बाईंसमोर रडलो. सर रडले नाहीत. त्यांनी फक्त मला जावयाला हळूहळू तापवायला लावलं आणि चपला घालून बाहेर गेले. मी हीटर लावून त्यांच्या मागे गेलो.

बाहेर आप्पा आणि मुसाभाई उभे होते. भर दिवसा घुमट उघडलेला छावणीतून दिसला होता, आणि खाली भलतीसलती चर्चा सुरू झाली होती. म्हणून दोघं स्वतः बघायला आले होते.

"काय दिसलं, सायेब?" आप्पांनी विचारलं. आवाजात छावणीतल्या सभेचा कडवटपणा अजून होता.

"पानी," सर म्हणाले.

"कुठं?"

सरांनी वर बोट केलं. आभाळ स्वच्छ, निळं, कोरडं ठणठणीत. "तिथं. लई वर. मागच्या महिन्यात एवढं नव्हतं. आता हाय. दुपटीहून जास्त."

आप्पा वर बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. "हाय?" ते म्हणाले. "म्हंजे पानी हाय?"

"हाय."

मुसाभाईंनी मोटारसायकलला किक मारली. आप्पा म्हातारपण विसरून मागे बसले आणि दोघं उताराला लागलेसुद्धा. खाली छावणीत आता ते काय सांगणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. डोंगरावरचा सायेब म्हणतो, पाऊस आला. आणि सर तसं म्हणालेच नव्हते. वर वाफ आहे म्हणजे ती खाली येईल असं काही नसतं. ती वरून तशीच निघून जाते, इथून तर नेहमीच जाते. हे सरांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं!

"सर, ते पाऊस येणार असं समजतील," मी म्हणालो. "हाक मारू का? थांबतील अजून."

सर धुरळ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, आता ते स्वतःच ओरडणार, 'येईल असं म्हनलो न्हाई मी!' मी वाट बघितली. मोटारसायकल वळणाआड गेली.

"ऱ्हाऊ दे बे," सर म्हणाले. "आजची रात झोपतील तरी."